उसाच्या पानाची धार

नसीम,

सोमवारी वाईहून गाडी येईल, तंबोरा न्यायला. तुझा शेवटचा तंबोरा. त्याच्या सांध्यावर तू कोरलेली उसाची पानं आहेत, त्या पानांच्या कडा तू मुद्दाम धारदार ठेवल्या आहेस, आणि त्या कडांचं काय करायचं हे तुझ्या अब्बांनी मला विचारलं आहे. मला. जिला सा कुठला आणि प कुठला ते कळत नाही, जिनं आयुष्यात कधी कानस हातात धरली नाही. कडा घासून बोथट करायच्या, की पानंच उचकटून काढायची आणि जुन्या चालीची पानं बसवायची? तिसरा रस्ता दिसत नाही. असता तर तो तुला सापडला असता आणि तू फोन करून मला तासभर पिडलं असतंस.

पण तू नाहीस. हे वाक्य मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. खोडल्यावरही ते खरंच राहिलं.

माझ्याकडे सगळ्यावर पत्रक आहे असं तू म्हणायचीस. पाणीवाटपावर आहे, हुंड्यावर आहे, बुवाबाजीवर आहे, एसटीच्या भाडेवाढीवर आहे. तुझ्या तापावर नाही. ज्या मिरजेत कुठून कुठून, कर्नाटकातूनसुद्धा माणसं बरी व्हायला येतात, त्या मिरजेत तू साध्या तापानं गेलीस. मी कुणाचा निषेध करू? डॉक्टरांनी करायचं ते केलं, अब्बांनी धावपळ केली, अम्मी उशाशी बसून राहिल्या. मला लहानपणापासून शिकवलंय की प्रत्येक वाईट गोष्टीमागे कुणीतरी असतं आणि त्याचं नाव छापता येतं. कराडजवळ मलकापुरातल्या आमच्या दोन खोल्यांत कपड्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. बाबा एसटीत कारकून, बाकीचा सगळा वेळ चळवळ. मी वाचायला शिकले ती बाबांच्या पत्रकांवरून. तुझ्या मरणामागे कुणाचंच नाव नाही, आणि अशा मरणाचं काय करायचं हे त्या गठ्ठ्यांत कुठेही लिहिलेलं नाही. मी शोधलं. खरंच गठ्ठे सोडून बसले होते. बाबा दारात उभे राहून बघत होते.

आपली पहिली भेटही पत्रकावरूनच. सांगलीत कॉलेजच्या फाटकाशी मी वाटत उभी होते. वसतिगृहातल्या पाण्याबद्दल होतं. मजकूर माझा, बाबांनी तपासलेला, कराडला छापलेला. दुसऱ्या दिवशी वर्गात ते तुझ्या वहीतून डोकावलं, आणि बघते तर चारी समासांतून निळ्या शाईची वेल फिरलेली. पानं, कळ्या, वळसे, कोपऱ्यात एक मोर. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, हे गंभीर पत्रक आहे. तू मान वर न करता म्हणालीस, "समास मोकळा होता." मग वर बघून म्हणालीस, "नुसतं वाचवत न्हाई गं तुझं. जरा पान लागलं की माणूस थांबतंय."

त्या दिवसापासून मी 'पत्रक' झाले. अम्मींना माझं खरं नाव कितीतरी उशिरा कळलं, आणि कळल्यावरही त्यांनी ते वापरलं नाही.

पान लागलं की माणूस थांबतं, या तुझ्या बोलण्यावर मी तुला काय काय नाही सुनावलं. म्हटलं, ही सगळी नक्षी म्हणजे नजर दुसरीकडे वळवायचं काम आहे. कोयरी लुगड्याच्या काठावर, कोयरी मेंदीत, कोयरी तांब्यावर, आणि तो तांब्या घासणाऱ्या बाईच्या दारात आंब्याचं रोपसुद्धा नाही. देवळाच्या खांबावर कमळ आहे, पण गावातलं तळं बुजवलेलं. मोर सगळीकडे, फक्त रानात नाही. तू सगळं शांतपणे ऐकून घ्यायचीस. ऐकताना बाकावर कर्कटकानं पान कोरत असायचीस.

मग एकदा तू मला घरी नेलंस. तंबोरे-सतारी करणाऱ्यांच्या तुमच्या गल्लीत शिरतानाच भोपळे दिसले, छपराला टांगलेले, ओट्यावर पालथे घातलेले, माणसाच्या डोक्याहून मोठे. आत भुसा, लाखेचा वास, आणि कोपऱ्यात बारीक आवाजात चाललेला रेडिओ. तंबोऱ्याचा भोपळा आणि वरची दांडी जिथे जुळतात तो सांधा तू मला दाखवलास. त्यावर लाकडात कोरलेली वेलीची रुंद पानं बसवतात, एकाला एक लागून. मी शोभा म्हणून नाक मुरडलं. तू म्हणालीस, शोभा हायच, पण सांधा झाकतंय पण तेच, आणि धरून ठेवतंय पण तेच. दांडीच्या कडेला पांढऱ्या पट्ट्या होत्या. त्यांवर टोकदार हत्यारानं वेल कोरलेली, कोरलेल्या रेघांत काळा रंग भरलेला. वेलीला फूल. पाच पाकळ्या, मधे टिपका, देठाशी दोन पानं. प्रत्येक तंबोऱ्यावर तेच, प्रत्येक सतारीवर तेच.

मी विचारलं, हे फूल कुठलं?

अब्बा म्हणाले, फूल आहे की. पण कुठलं? त्यांनी ते त्यांच्या वडिलांना काढताना पाहिलं होतं, वडिलांनी त्यांच्या वडिलांना. नाव कुणालाच माहीत नव्हतं. तू तर पाटीवर अक्षरं काढायच्या आधी ते फूल काढायला शिकलेलीस, आणि तुलाही कधी प्रश्न पडला नव्हता. मला वाटलं, जिंकले. पण तुझे डोळे असे चमकले की जणू मी काही बक्षीस आणलंय. "चल," म्हणालीस, "हुडकूया."

ते हुडकणं आठवतंय ना? पट्टीचा एक तुकडा ओढणीच्या टोकाला बांधून आपण कृष्णेच्या काठाकाठानं हिंडलो. दोन्ही अंगांना नजर जाईल तिथवर ऊस, मधेच एखादी वीटभट्टी, पुन्हा ऊस. पाण्याच्या कडेला बेशरमाची झुडपं मात्र जांभळ्या फुलांनी लगडलेली. तू एक फूल तोडून पट्टीशेजारी धरलंस. जवळजवळ तेच. तू मटकन खाली बसलीस आणि इतकी हसलीस की वाटेनं जाणारा म्हशीवाला थांबला. "अब्बाला सांगू नगंस," म्हणालीस, "खानदानी बेशरम निघालो आम्ही."

सांगितलंस तूच, जेवताना. अब्बांनी घास चावून संपवला आणि म्हणाले, ते झुडूप परवाचं, कुठनं तरी आलंय. आमचं फूल त्याच्या आधीचं. अम्मी म्हणाल्या, म्हणजे बेशरमानंच तुमच्याकडं बघून काढलं म्हणा.

पुढे वाईला गेलो, तर घाटावरच्या एका देवळाच्या उंबऱ्याशी तेच फूल दगडात बसलेलं. पाच पाकळ्या, मधे टिपका, देठाशी दोन पानं. तू त्यावर तळहात ठेवून बराच वेळ उकिडवी बसलीस, ओळखीचं माणूस परगावात भेटावं तशी. जवळच्या एका घरातून तंबोऱ्याचा आवाज येत होता. तू कान दिलास, उठलीस आणि सरळ आत गेलीस. मुलींना गाणं शिकवत बसलेल्या त्या बाईंना म्हणालीस, "बाई, तुमची जवारी गेलीय, सूर दबालाय." मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी तुला आपादमस्तक पाहिलं आणि तंबोरा पुढे सरकवला. तारेखालचा दोरा सरकवून तू सूर मोकळा केलास. तिथेच, चहा पिताना, नव्या तंबोऱ्याची गोष्ट निघाली.

पण उसाचं खूळ तुझ्या डोक्यात शिरलं ते त्याआधीच, नदीवरून परतताना. बैलगाडीच्या वाटेनं येत होतो, दोन्हीकडून ऊस अंगावर आलेला. तू थांबलीस. म्हणालीस, आजा-पणजानं त्यांच्या डोळ्यासमोर होतं ते काढलं असंल. ते फूल होतं म्हणून फूल. माझ्या डोळ्यासमोर तर हे हाय. मग आम्ही हे का न्हाई काढत?

मी उसळले. का उसळले ते तुला माहीत होतं. माझ्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत उसाच्या पानांनी ओढलेल्या रेघा आहेत. मामाच्या शेतात सुट्टीला गेलं की आम्ही पोरं पाचट ओढायला. उसाचं पान कापतं तेव्हा कळत नाही, घाम लागला की कळतं. मी म्हटलं, तुझं फूल ज्यानं गिळलं त्यालाच फुलाच्या जागी बसवणार? आमच्याकडे उसाला काय कमी आहे? पाणी त्याचं, पुढारी त्याचे, सभा त्याच्या. तेवढी नक्षीच राहिली होती त्याच्याकडून सुटलेली. नक्षीत आला म्हणजे त्याचं कौतुक झालं, आणि कौतुकाला माझा विरोध आहे.

"मी त्याला ओवाळत न्हाई," तू म्हणालीस. "मी त्याला नुसतं काढणार हाय."

"नक्षीत काढणं म्हणजेच ओवाळणं."

"मग गोंदणात विंचू काढतात बायका, ते काय त्याचं लाड करायला?"

उत्तर मला घरी आल्यावर सुचलं, मी फोन केला, तू झोपली होतीस. सकाळपर्यंत ते उत्तर मलाच फिकं वाटायला लागलं.

असं वर्षानुवर्षं चाललं आपलं. कॉलेज संपलं. मी साप्ताहिकांतून लिहू लागले, तू अब्बांच्या शेजारी बैठक मारून बसलीस. गल्लीतले लोक आधी हसले, मग सवय झाली. नंतर इतकी सवय झाली की अवघड पट्टी असली की तुझ्याकडे यायची. तरी गिऱ्हाईक कौतुक अब्बांचंच करून जायचं. त्यावर मी पत्रक काढते म्हटलं, तर म्हणालीस, काढ, पण समास मोठा सोड.

आणि एक भांडण राहिलंच आहे. बाबांच्या त्या ओळीचं. बाबांच्या एका पत्रकातली एक ओळ छापखानेवाल्यानं गाळायला सांगितली होती. तालुक्यातल्या एका वजनदार माणसावर होती. बाबा म्हणाले, ओळ राहील, नाहीतर पत्रक नको. पत्रक छापलंच नाही. सभेला लोक रिकाम्या हातांनी आले, रिकाम्या हातांनी गेले. आमच्या घरात ही गोष्ट सणासारखी सांगतात. मी तुला ती अभिमानानं सांगितली, आणि तू भजी खाता खाता विचारलंस, "मग लोकांनी वाचलं काय?"

काहीच नाही, मी म्हटलं. पण बाबांनी ओळ बोथट होऊ दिली नाही.

"व्हय. पण त्या धारेनं कापलं कुणाला?"

मी उठून गेले. आठवडाभर बोलले नाही. मग तू एसटीत बसून मलकापूरला आलीस, बाबांसमोर मांडी घालून बसलीस आणि त्यांनाच तोच प्रश्न विचारलास. बाबा मग म्हणाले, पोरीला चहा कर. तेवढंच. आजपर्यंत त्यांनी उत्तर दिलेलं नाही. तू गेल्याचं कळल्यावर ते मला म्हणाले, तिचं एक उत्तर माझ्याकडं राहिलंय.

बघ, नसीम. किती जणांकडे तुझं काय काय राहिलंय.

वाईच्या बाईंचा तंबोरा तू एकटीनं केलास. भोपळा निवडण्यापासून. सांध्याच्या पानांपर्यंत आलीस आणि फोनवर म्हणालीस, "पत्रक, मी ऊस लावालोय." मिरजेच्या बायकांसारखं तू 'लावालोय', 'येतो', 'जातो' म्हणायचीस, आणि आता कुठली बाई एसटीत मागच्या बाकावर 'मी येतो गं' म्हणाली तरी माझी मान वळते.

अडचण अशी की वेलीचं पान रुंद, सांधा सहज झाकतं. उसाचं पान म्हणजे पातं. एका पात्यानं काय झाकणार? तू पाती एकमेकांवरून तिरकी नेलीस, चटई विणतात तशी, आणि सांधा धरला. अब्बा खूश झाले होते, तूच सांगितलंस. खूश झाले आणि म्हणाले, आता कडा मार. म्हणजे गोल कर. सगळ्या पानांच्या कडा गोल करायच्या असतात, वाजवणाऱ्याचा हात तिथून फिरतो, पदर घासतो. शिकताना पहिल्या दिवशी सांगतात ते. आणि तू म्हणालीस, नाही. उसाचं पान कापतंच. कडा मारली की ते उसाचं राहणार नाही, गवत होईल.

बाई तंबोरा बघायला मिरजेला आल्या. अजून पॉलिश व्हायचं होतं. पानं पाहून हसल्या, म्हणाल्या, आमच्या वाईच्या रानातही हेच. मांडीवर घेतला, छेडला, डोळे मिटले. आणि हात खाली आणताना मनगटावर चीर गेली. बारीक, पण रक्त आलं. बाई म्हणाल्या, कडा तेवढ्या गोल करून द्या, माझ्याकडे लहान मुली शिकतात. तू नाही म्हणालीस. बाई म्हणाल्या, मग मला नको. त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. मी फार प्रयत्न केला.

त्या दिवसापासून या एका विषयावर तुझं आणि अब्बांचं बोलणं बंद झालं. जेवायला वाढायचीस, औषधाची आठवण करायचीस, पण तंबोऱ्याचं नाव काढायचं नाही. मला फोन केलास तेव्हा तुझा आवाज बसलेला होता. मी म्हटलं, धारेसाठी भांडलीस हे मला आवडलं, पण ऊस मला अजून पटलेला नाही. तू खोकलीस आणि म्हणालीस, "तू बघितलंयस कुठं? ये, बघ, मग भांड. जरा ताप उतरू दे."

ताप उतरला नाही.

मी आले तेव्हा तुला न्यायची तयारी झाली होती. बायका कब्रस्तानात जात नाहीत. यावर आपण एकदा कडाडून भांडायला हवं होतं, ते राहून गेलं. त्या दिवशी अम्मींचा हात माझ्या हातात होता आणि मी, पत्रक, एक अक्षर बोलले नाही. पुरुष गेले. घर इतकं शांत झालं की बाजूच्या कारखान्यात कुणीतरी तार लावून बघत होतं ते ऐकू आलं. मग त्यालाही कुणीतरी गप्प केलं असावं.

संध्याकाळी अब्बा मला आत घेऊन गेले. गोणपाटावर तंबोरा आडवा निजवलेला होता. तेव्हा मी तुझा ऊस पहिल्यांदा पाहिला.

मी ओवाळणी शोधत होते, नसीम, आणि ती तिथं नव्हती. पाती खालून वर उसळलेली, एकमेकींना ढकलत. मधली शीर उठलेली, कडेला बारीक दाते. सगळ्यात खालचं पातं वाळलेलं, मोडून दुमडलेलं, पाचट झालेलं. लाकडात पाचट कोरता येतं हे मला माहीत नव्हतं. माझ्या हातांवरच्या रेघा तू पाहिल्या होत्यास.  तरीही, ऐक, तरीही मला पटलेलं नाही. ते इतकं सुंदर आहे की मामाच्या शेतातली दुपार मी विसरून जाईन की काय अशी भीती वाटते, आणि हाच तर माझा मुद्दा होता. यावर तुझं काय म्हणणं आहे? मला ते ऐकायचं आहे. आत्ता ऐकायचं आहे.

अब्बा म्हणाले, बातमी कळली तसा वाईच्या बाईंचा निरोप आलाय. पानं हीच राहू देत, तंबोरा मी नेते, फक्त कडा गोल करून द्या. सोमवारी गाडी पाठवते.

मी म्हटलं, मग करा की.

"कसा करू?" ते म्हणाले. "मी घासलं तर मी जिंकल्यासारखं हुतंय, बेटा. गेलेल्या पोरीसंगं जिंकायचं न्हाई मला."

मग पानं काढा, तशीच धारेची ठेवा घरात, बाईंना जुनी पानं बसवून द्या.

त्यावर अब्बा म्हणाले, तुझं-तिचं ह्याच्यावरनंच चालायचं. तूच सांग. मी तुझं ऐकीन.

आणि मी चपला घालून सरळ स्टेशनवर आले, कराडची गाडी पकडली, आणि तेव्हापासून हे लिहिते आहे. तुला विचारते आहे. तू एकदा म्हणाली होतीस की जे वाजत नाही ते फर्निचर. कुणाच्या तरी दिवाणखान्यात काचेच्या कपाटातली वीणा पाहून म्हणाली होतीस, आणि यजमानांसमोरच. मग पानं वाजत्या तंबोऱ्यावरच राहायला हवीत, कडा घासून का होईना. पण याच कडांसाठी तू अब्बांशी अबोला धरलास. दोन्ही तूच. कुठल्या तुझं ऐकू? पत्रक छापू की ओळ वाचवू? तू बाबांना विचारलंस तो प्रश्न आता माझ्या मांडीवर येऊन पडलाय, आणि मी चहा करून सुटू शकत नाही.

वरचं सगळं मी मलकापुरात लिहिलं. आता पुढचं. काल रविवारी मी पुन्हा मिरजेला गेले होते.

गाडीत बसले तोवर काहीच ठरलेलं नव्हतं. ताकारी गेलं, किर्लोस्करवाडी गेलं, खिडकीबाहेर ऊसच ऊस, तुरे फुटलेला. मी मनात दोन्ही निकाल लावून बघत होते. अब्बांनी घासलं तर अब्बा जिंकतात. पानं काढली तर मी जिंकते, नक्षीत ऊस नको म्हणणारी. दोघांपैकी कुणालाच ते नको होतं. आणि मिरज यायच्या आधी, उघड्या खिडकीशी, नेमकं कुणाच्या हातून घासलं गेलं तर कुणीच जिंकत नाही, ते मला कळलं.

अब्बा आतल्या खोलीत होते. कानस आणि पॉलिश पेपर त्यांनी आधीच काढून ठेवला होता. काय ठरवलंस, असं विचारलं नाही. मी म्हटलं, "तुम्ही नका घासू. मी घासते."

"तुला ऊस न्हाई ना पटत?"

"न्हाई पटत."

"मग?"

"म्हणूनच. ऊस राहील, धार जाईल, दोन्हीकडून मीच हरते."

ते मग सरकून बसले आणि तुझी बैठक मला दिली. तंबोरा मांडीवर कसा आडवा घ्यायचा, भोपळ्याला बोट लागू न देता कानस कशी धरायची, कुठल्या दिशेनं ओढायची, सगळं दाखवलं. तूही असंच शिकली असशील, याच जागी.  पहिल्याच पात्यावर कानस सटकली आणि माझं बोट कडेवरून गेलं. लागलं ते कळलंच नाही. मामाच्या शेतातल्यासारखंच, नंतर घामानं चरचरलं तेव्हा कळलं. नसीम, ते कापतं. खरंच उसासारखं कापतं. तू बरोबर होतीस, आणि हे मी तुला सांगतेय तेव्हा मी ते घासून टाकते आहे.

अब्बा बोटाला चिंधी बांधायला आले. मी नको म्हटलं. ते समोर भिंतीला टेकून बसले, एकदाही माझ्या हातून कानस घेतली नाही, एकदाही चूक काढली नाही. मी मात्र वाकडं घासलंय, तुझ्या लक्षात आलं असतं. पाती एकेक करून मुकी झाली. खालच्या पाचटाच्या पात्याशी पोचले तेव्हा अम्मी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पुढे होऊन त्या पात्यावरून तळहात फिरवला, हळूच, मग जोरानं. काही झालं नाही. त्या आत निघून गेल्या आणि मग आतून त्यांचं रडणं ऐकू आलं.

आज सोमवार, मी अजून मिरजेतच. अब्बांनी सकाळी पॉलिशचा हात दिला. दुपारी गाडी आली आणि तंबोरा चादरीत गुंडाळून गेला. वाईच्या मुली उद्यापासून त्यावर हात ठेवतील आणि कुणाचंही मनगट चिरणार नाही. कुणी विचारलंच, हे कुठलं पान, तर बाई सांगतील. एवढं उरलं.

आणि माझ्या बोटावरची चीर उरली. कानसेच्या आधी तुझी धार एकदा चालली, ती तिथे. अब्बा म्हणाले, हळद लाव, दोन दिवसांत भरून येईल.

मी हळद लावलेली नाही. ती भरली की तुझी धार जगात कुठेच राहणार नाही, नसीम. मी रोज सकाळी उठून तेवढंच बघणार आहे.